माहिती पुरेशी केव्हा होते? जीमॅटच्या तयारीविषयी

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जीमॅट देण्याचे ठरल्यावर मी सर्वांत आधी परीक्षेचा अभ्यासक्रम पाहिला, आणि त्यात शाळेच्या गणितापलीकडचे जवळजवळ काहीच नाही हे पाहून मला नवल वाटले. शेकडेवारी, गुणोत्तर, वेग-अंतर-काळ, सम-विषम संख्या, समीकरणे, सरासरी आणि थोडीफार संभाव्यता, एवढाच गणिताचा पसारा. भूमितीचे प्रश्न तर आता गणिताच्या विभागातून वगळलेच आहेत. व्हर्बल म्हणजे भाषेच्या विभागातून व्याकरणाचे प्रश्न गेले आणि स्वतंत्रपणे लिहावा लागणारा निबंधही गेला. असे असूनही गणितात पारंगत असलेली माणसे या परीक्षेत अडखळतात, याचे कारण मला तयारी करता करता उमगत गेले. हाती असलेल्या माहितीवर निर्णय घेता येतो का, येत असेल तर अधिक न रेंगाळता तो आपण घेतो का, आणि येत नसेल तर तसे ठामपणे म्हणू शकतो का, हे ही परीक्षा निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा तपासत असते. माझ्या सगळ्या तयारीची दिशा या एका जाणिवेने बदलली, म्हणून तिच्याविषयीच सविस्तर लिहितो.

आधी परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. १९५३ साली नऊ बिझनेस स्कूल्स प्रवेशासाठी एक समान चाचणी असावी या विचाराने एकत्र आली आणि १९५४ मध्ये ती चाचणी प्रथम घेतली गेली. जीमॅट हे नाव तिला पुढे १९७६ साली मिळाले. सध्याचे स्वरूप २०२३ च्या अखेरीस आले. त्यात क्वांट (गणित), व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स (दिलेल्या माहितीचे विश्लेषण) असे तीन विभाग असून प्रत्येकासाठी ४५ मिनिटे मिळतात. क्वांटमध्ये २१, व्हर्बलमध्ये २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये २० प्रश्न असतात. एकूण गुण २०५ ते ८०५ या मोजपट्टीवर दिले जातात आणि तिन्ही विभागांना त्यात सारखेच महत्त्व असते. ज्यांच्या मनात जुन्या परीक्षेतले ७०० गुण घर करून बसले आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे की नव्या मोजपट्टीवर त्याच तोडीचे गुण साधारण ६४५ च्या आसपास येतात. जुने आकडे मनात धरून नव्या गुणांवर नाराज होण्यात काहीच अर्थ नाही.

या परीक्षेचे मर्म मला डेटा सफिशियन्सी नावाच्या प्रश्नप्रकारात सापडले. त्यात एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. प्रश्न सोडवायचा नसतोच. तो सोडवण्यासाठी पहिले विधान एकटे पुरते का, दुसरे एकटे पुरते का, दोन्ही मिळून पुरतात का, प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरते का, की दोन्ही एकत्र करूनही भागत नाही, एवढेच सांगायचे असते. हे पाच पर्याय कधीही बदलत नाहीत. उदाहरणादाखल असा प्रश्न घेऊ: क हा एक पूर्णांक आहे, तो सम आहे का? विधान पहिले: कचा वर्ग आणि क यांची बेरीज सम आहे. विधान दुसरे: कच्या तिपटीत १ मिळवल्यास विषम संख्या येते. पहिले विधान वाचून मन लगेच आकडे घालून पाहू लागते, आणि २ घातल्यावर बेरीज ६ आली की विधान उपयोगी आहे असे वाटू लागते. पण ३ घातले तरी बेरीज १२ येते, म्हणजे तीही समच. ती बेरीज म्हणजे लागोपाठच्या दोन पूर्णांकांचा गुणाकार असल्यामुळे ती नेहमीच सम असणार. या विधानाने आपल्याला कविषयी काहीही नवे सांगितलेले नाही. दुसऱ्या विधानातून मात्र कची तिप्पट सम असल्याचे निघते, आणि ३ ही विषम संख्या असल्यामुळे क सम असलाच पाहिजे. म्हणून दुसरे विधान एकटेच पुरते.

इतक्या साध्या प्रश्नातही दोन सापळे असतात. दुसऱ्या विधानाकडे वळताना पहिल्याची माहिती नकळत सोबत घेऊन जाणे हा एक. दुसरा अधिक सूक्ष्म आहे: क निश्चितपणे सम नाही असे एखाद्या विधानावरून कळले असते, तरीही ते विधान पुरेसेच ठरले असते, कारण ठाम नकार हेही उत्तरच आहे. अपुरे असते ते फक्त असे विधान, ज्यावरून कधी होकार मिळतो आणि कधी नकार. ही गोष्ट सांगताना सोपी वाटते, पण वेळेच्या ओघात ती टिकवून धरण्यासाठी मला प्रत्येक प्रश्नाआधी कागदावर नेमके काय विचारले आहे ते एका ओळीत लिहिण्याची सवय लावावी लागली. ती सवय पुढे तिन्ही विभागांत कामी आली.

व्हर्बल विभागातील क्रिटिकल रीझनिंगचे, म्हणजे युक्तिवाद पारखण्याचे, प्रश्न वरवर पाहता अगदी वेगळे दिसतात, पण त्यांचा गाभा हाच आहे. समजा, एका कंपनीने आपल्या विक्री प्रतिनिधींना नवे प्रशिक्षण दिले, पुढच्या तिमाहीत विक्री वाढली, आणि म्हणून प्रशिक्षणामुळेच विक्री वाढली असा निष्कर्ष काढला गेला. हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे, असे विचारल्यावर पर्यायांत एक वाक्य असे असते की प्रशिक्षणावर झालेला खर्च वाढलेल्या विक्रीतून भरून निघाला. व्यवहारी माणसाला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते, आणि खऱ्या व्यवहारात ते असतेही. परंतु निष्कर्ष खर्चाविषयी नसून विक्री वाढण्याच्या कारणाविषयी आहे. दुसऱ्या पर्यायात म्हटलेले असते की त्याच तिमाहीत कंपनीने मालाच्या किमती लक्षणीयरीत्या उतरवल्या नव्हत्या. हे वाक्य उलटे करून पाहावे: किमती उतरवल्या होत्या असे धरले की निष्कर्षाचा पायाच ढासळतो. खर्चाचे वाक्य उलटे केले तर निष्कर्षाला धक्काही लागत नाही. पर्याय नाकारून पाहण्याची ही पद्धत तयारी करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते, पण ती केवळ माहीत असणे आणि प्रत्येक वेळी निष्कर्षाचे वाक्य बोटाखाली धरून ती वापरणे यांत मोठे अंतर आहे. माझ्या मते या विभागात इंग्रजीच्या ज्ञानापेक्षा निष्कर्ष नेमका कोणता हे न विसरण्याचा कस लागतो, आणि इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. दीर्घ उताऱ्यांचे वाचन मात्र सवयीनेच सुधारते. त्याला दुसरा मार्ग मला दिसला नाही.

डेटा इनसाइट्समध्ये डेटा सफिशियन्सीखेरीज तक्ते, आलेख, अनेक स्रोतांतून जुळवायची माहिती आणि दोन भागांत द्यायची उत्तरे असे प्रकार असतात. येथे एका प्रश्नाचे दोन-तीन उपभाग असले तर ते सगळे बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाहीत. कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात मिळतो, पण त्याचा मोह आवरता आला पाहिजे, कारण बहुतेक प्रश्न अंदाजाने सुटावेत असेच रचलेले असतात. माहिती भरपूर आणि प्रश्नाला लागणारी थोडी, असा येथला प्रकार आहे. म्हणून आधी सगळा मजकूर पाठ करत बसण्यापेक्षा त्याची मांडणी नजरेखाली घालून थेट प्रश्नाकडे वळणे मला अधिक फलदायी वाटले.

आता वेळेविषयी, कारण खरी कसोटी तिथेच लागते. क्वांटमध्ये २१ प्रश्नांना ४५ मिनिटे म्हणजे दर १५ मिनिटांना ७ प्रश्न, हा हिशेब इतका सुटसुटीत आहे की घड्याळाकडे सतत पाहण्याची गरजच उरत नाही. सातवा आणि चौदावा प्रश्न संपल्यावर एकदा नजर टाकली की पुरते. क्वांट आणि व्हर्बलमध्ये तुमच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी ठरत जाते, त्यामुळे चांगली कामगिरी करणाऱ्यालाही आपल्या आवाक्याबाहेरचे प्रश्न येणारच आणि त्यांतले काही चुकणारच. हे मनापासून स्वीकारल्याशिवाय या परीक्षेत स्वस्थचित्ताने बसता येत नाही. एखाद्या प्रश्नावर चार मिनिटे घालवून तो सुटला, तरी त्याची किंमत शेवटच्या दोन प्रश्नांना मोजावी लागते, आणि उत्तर न देता राहिलेल्या प्रश्नांबद्दल गुणांत चांगलाच फटका बसतो. दोन मिनिटे होऊनही वाट दिसत नसेल, तर उरलेल्या पर्यायांतला त्यातल्या त्यात बरा निवडून पुढे जावे. ज्यांनी आयुष्यभर प्रश्न अर्धवट न सोडण्याची शिस्त अंगी बाणवली आहे त्यांना हे फार जड जाते, आणि मला वाटते की गणितात हुशार असलेल्या मंडळींची गाडी नेमकी इथेच अडते.

नव्या स्वरूपात विभागाच्या शेवटी, त्याच ४५ मिनिटांतून काही वेळ उरला असेल तर, जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. प्रश्नांवर खूण कितीही करता येते, बदल मात्र तीनच. या सवलतीचा लाभ घ्यायचा तर खूण कशावर करायची हे आधीच ठरलेले असावे. ज्या प्रश्नाची रीत कळली आहे पण आकडेमोडीबद्दल शंका आहे, अशाच प्रश्नावर खूण करावी, असा माझा आग्रह आहे. ज्याची वाटच सापडली नाही तो प्रश्न शेवटच्या तीन मिनिटांत सापडण्याची शक्यता फार थोडी.

सरावाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. प्रश्नसंग्रहांमागून प्रश्नसंग्रह संपवण्याची जी चढाओढ असते, तिचा मला काही उपयोग दिसला नाही. थोडे प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येकाच्या बाबतीत आपला विचार कुठे वळला ते शोधावे. यासाठी मी चुकांची वही ठेवली. तिच्यात प्रश्न उतरवून ठेवण्यापेक्षा तीन गोष्टी लिहीत असे: मला काय विचारले आहे असे वाटले, प्रत्यक्षात काय विचारले होते, आणि कोणत्या शब्दाने मी सावध व्हायला हवे होते. बरोबर आलेले पण खात्रीने न सोडवलेले प्रश्नही त्याच वहीत जात, कारण अंदाजाने आलेले बरोबर उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक दिशाभूल करते. काही दिवसांनी तेच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवले की नमुने दिसू लागतात. कुणाची चूक धन आणि ऋण संख्यांत होते, कुणाची शून्याचा विचार न केल्याने, तर कुणाची निष्कर्ष विसरल्याने.

पूर्ण लांबीच्या मॉक टेस्टचा उपयोग मी ज्ञान वाढवण्यासाठी केला नाही. परीक्षेचे संयोजक स्वतःच्या संकेतस्थळावर दोन सराव परीक्षा विनामूल्य देतात. त्या खऱ्या परीक्षेप्रमाणेच उत्तरांनुसार बदलणाऱ्या असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात उत्सुकतेपोटी संपवू नयेत. त्या ज्या वेळेला खरी परीक्षा आहे त्याच वेळेला, मध्ये घेता येणाऱ्या दहा मिनिटांच्या विश्रांतीसह द्याव्यात. परीक्षा केंद्रात कच्च्या कामासाठी कागदाऐवजी पुसता येणारा, गुळगुळीत पृष्ठभागाचा पॅड आणि मार्कर देतात. मार्करचे टोक जाड असते, अक्षर मोठे येते आणि तळहाताने लिहिलेले पुसले जाते, त्यामुळे पेन्सिलीने बारीक आकडेमोड करण्याची सवय असलेल्या हाताला तिथे अवघडल्यासारखे होते. तशाच पृष्ठभागावर आधी सराव केलेला असला तर परीक्षेच्या दिवशी त्याकडे लक्षही जात नाही.

विभागांचा क्रम परीक्षार्थीला स्वतः ठरवता येतो. पहिल्या किंवा दुसऱ्या विभागानंतर विश्रांती घेता येते. मी डेटा इनसाइट्स पहिला घेतला, कारण त्यात वाचन आणि आकडे दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात आणि थकलेल्या मनाला ते पेलत नाही. हा क्रम सर्वांनाच मानवेल असे नाही. मॉकमध्ये दोन-तीन क्रम करून पाहावेत आणि मग जो ठरेल तो केंद्रात गेल्यावर बदलू नये. ओळखपत्रावरील नाव आणि नोंदणीतील नाव अक्षरशः सारखे असल्याची खातरजमा मात्र खूप आधी करून ठेवावी.

परीक्षा संपताच गुण पडद्यावर दिसतात, आणि ते पाहिल्यानंतरच कोणत्या संस्थांना पाठवायचे ते ठरवता येते. पाच संस्थांना ते विनामूल्य पाठवता येतात. दोन प्रयत्नांमध्ये किमान १६ दिवसांचे अंतर लागते आणि गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. पुन्हा परीक्षा द्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हा प्रत्येकालाच पडतो. अनेक संस्था आपल्या नुकत्याच प्रवेश घेतलेल्या तुकडीच्या गुणांची सरासरी किंवा मध्यक आणि त्यांचा पल्ला प्रसिद्ध करतात. आपले गुण त्या पल्ल्यात नीट बसत असतील आणि आणखी दहा-वीस गुणांसाठी कित्येक आठवडे द्यावे लागणार असतील, तर तो वेळ अर्जातील निबंधांना आणि शिफारसपत्रे देणाऱ्या वरिष्ठांशी सविस्तर बोलण्याला द्यावा, असे मला वाटते, कारण मॉकमधील गुण ज्या टप्प्यावर स्थिरावले आहेत तिथून पुढची चढण फार संथ असते. पल्ल्याच्या बरेच खाली असतील, तर चुकांची वही उघडून कोणता विभाग मागे खेचतो आहे ते पाहावे आणि तेवढ्यावरच काम करून पुन्हा बसावे. माझे गुण पल्ल्यात होते, म्हणून मी दुसऱ्या तारखेची नोंदणी केली नाही आणि निबंधांचा कच्चा खर्डा लिहायला घेतला.