रिकामे चौकोन

झोप येईना की काही जण जुने फोटो चाळतात, मी टेनिसपटूंच्या कारकिर्दीचे तक्ते चाळतो. वर आडवी ओळ वर्षांची, डावीकडे चार ग्रँड स्लॅम आणि प्रत्येक चौकोनात जेमतेम एखाद-दुसरं अक्षर. जिंकली, हरली, हरली तर कुठल्या फेरीत. आलीच नसेल तर चौकोन रिकामा. हजेरीपटासारखा कोरडा कारभार.

१९९३ च्या विम्बल्डनच्या चौकोनात याना नोवोत्ना ‘उपविजेती’ आहे. तिसऱ्या सेटमध्ये ती ४-१ ने पुढे होती, सर्व्हिस तिचीच आणि ५-१ व्हायला एकच गुण हवा होता. तिथं तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, तिथून पुढचा एकही गेम स्टेफी ग्राफने सोडला नाही, आणि बक्षीस घेताना नोवोत्ना ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. १९९७ साली ती हिंगीसकडून हरली, तेव्हाही चौकोनात तेच अक्षर. रडण्याला वेगळं अक्षर नसतं.

पण माझा आवडता तक्ता जपानच्या किमिको दातेचा. सुरुवात झकास आहे: १९९४ ला ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी, १९९५ ला फ्रेंच, १९९६ ला विम्बल्डन. त्या विम्बल्डनला तिने ग्राफकडून दुसरा सेट हिसकावून घेतला आणि नेमका अंधार पडला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ताजीतवानी होऊन आलेल्या ग्राफने तिसरा सेट ६-३ ने घेतला. अंधार पडला नसता तर, हा प्रश्न मी तरी दरवेळी स्वतःला विचारतोच. त्याच वर्षअखेर, जगातल्या पहिल्या दहांत असताना, वयाच्या २६ व्या वर्षी तिने रॅकेट खाली ठेवली.

मग १९९७ ते २००८. बारा वर्षं, नुसते रिकामे चौकोन. मी अडकतो तो इथंच. मधल्या काळात तिने जर्मन रेसिंग ड्रायव्हरशी लग्न केलं, ती लंडन मॅरेथॉन धावली. आडनावाला नवऱ्याचं आडनाव जोडलं गेलं, पुढे कधीतरी ते गळूनही पडलं. तक्त्याला याच्याशी काही देणंघेणं नाही.

२००८ साली ती परत आली आणि पुढच्या वर्षीपासून चौकोन पुन्हा भरू लागले, बहुतेक ‘पहिली फेरी’नेच. उडत उडत पाहणारा म्हणेल, कशाला आली बाई परत? पण २०११ च्या विम्बल्डनमधली ‘दुसरी फेरी’ बघा. समोर पाच वेळची विजेती व्हीनस विल्यम्स, दाते ४० वर्षांची. चेंडू वर उसळतोय न उसळतोय तोच ती सपाट फटका मारत होती आणि संधी मिळाली की नेटवर धावत होती. जवळजवळ तीन तास. शेवटी व्हीनस जिंकली, ६-७, ६-३, ८-६. एखादी अठरा वर्षांची पोर त्याच फेरीत झटक्यात गारद होते, तिलाही हीच ‘दुसरी फेरी’ मिळते.

सोलची स्पर्धा तिने २००९ मध्ये जिंकली, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. ती या तक्त्यात नाही. २०१७ साली टोकियोत शेवटचा सामना ती ६-०, ६-० अशी हरली, वय ४६. तोही नाही. दोन्ही ठिकाणी ग्रँड स्लॅम नव्हती ना.