टोणग्याच्या वाटणीचे दूध

गेली चार वर्षे मी दूध, दही, तूप यांपैकी काहीही घेत नाही. मांसाहार आमच्या घरात कधीच नव्हता, त्यामुळे ‘आता आणखी सोडायचे काय राहिले होते?’ असे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर आमच्या कोल्हापूरकडच्या गोठ्यात आहे.

म्हैस व्याली की रेडी झाली की टोणगा, हा घरातला पहिला प्रश्न असे. टोणगा झाला तर आजी नुसती ‘हं’ म्हणून आत जाई. चिकाचा खरवस दोन्ही वेळी सारखाच गोड होई आणि मी तो वाटी चाटूनपुसून खाई. पान्हा फुटण्यापुरते टोणग्याला आचळाला लावायचे, चार घोट गेले की ओढून खुंटीला बांधायचे आणि मग कासंडीत धार काढायची, हा रोजचा क्रम होता. दाव्याला ताण देत तो कासेकडे पाहत राही. महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक टोणगे मरत. एकदा मेलेल्या टोणग्याच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे ठेवलेले मी पाहिले. ती ते चाटत होती आणि पान्हा सोडत होती.

घरचे कोणी क्रूर नव्हते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर किराणा चालत होता आणि ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम उरले नव्हते. संकरित गाईच्या गोऱ्ह्याचेही तेच. वशिंड नसल्यामुळे तो औताला नीट चालत नाही. महाराष्ट्रात गोहत्येला आधीपासून असलेली बंदी २०१५ मध्ये बैल आणि वळूंनाही लागू झाली, म्हैस आणि रेडा मात्र तिच्याबाहेर राहिले. भाकड म्हशी बाजारातून कत्तलखान्याकडे जातात, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आपला देश जगात आघाडीवर आहे. १९७० साली सुरू झालेल्या ‘दुधाचा महापूर’ योजनेचे कौतुक मी शाळेत निबंधात लिहिले होते. दूध आणि मांस हे दोन्ही धंदे एकाच दावणीला बांधलेले आहेत, हे मात्र ‘आम्ही शाकाहारी’ म्हणताना कधी मनात आले नाही.

दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला मी काय सांगणार? त्याच्यासमोर दुसरे उत्पन्न ठेवण्याची ताकद माझ्यात नाही. पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र तशी कोणतीच अडचण नाही.

भाकरी, झुणका, मटकीची उसळ, खर्डा यांत तसेही दूध नसते. बी-१२ ची गोळी तेवढी न चुकता घ्यावी लागते. अवघड गेला तो चहा. गावी गेलो की आई अजूनही ‘दूध घालू का रे थोडंसं?’ असे विचारते, मग माझा गूळ-आल्याचा कोरा कप आधी गाळून घेते आणि उरलेल्या चहात दूध ओतते.