तळघरातला सडवा

यावेळची पोस्ट अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या बर्फातून नाही, थेट गावच्या ओसरीतून. एप्रिल आहे, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलोय आणि आरमोरीजवळच्या आमच्या घराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. जिकडेतिकडे मोहफुलं वाळत घातलीत. आई पहाटे टोपली घेऊन निघते, ऊन तापायच्या आत परत येते. घरभर तो गोड, जरासा आंबूस वास.

त्या वासानंच घोळ केला. मी सहज बोलून गेलो, "आमच्या तळघरात बी असाच वास येते." आईचा फुलं पसरवणारा हात थांबला. "तळघरात कायचा वास?"

मग मोबाइलमधला फोटो काढावा लागला. स्टीलचं पिंप, तोंडातून निघालेली प्लास्टिकची नळी, नळीचं टोक पाण्याच्या बादलीत. याला केग म्हणतात, यात मी घरची बिअर आंबवतो, छंद आहे, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, नळी पाहिली, बादली पाहिली आणि निकाल दिला, "सडवा होय हा."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मोहफुलं पाण्यात आंबत घालतात तो सडवा, आणि तो भट्टीवर चढवला की दारू. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तरी 'मोहसडवा नष्ट' ही बातमी इथल्या पेपरांत नेहमीचीच. आई गावच्या दारूबंदीच्या संघटनेत आहे. नाल्याच्या काठी पुरलेले ड्रम बायांसोबत उकरून काढून तिनं स्वतःच्या हातानं उलटवलेत. आणि तिच्याच पोराच्या तळघरात 45 लिटर!

"काऊन रे बाबू, तिकडं भेटत नाही का, की घरी लावून राहिला?"

"भेटते वं आई."

"मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. तेवढ्यात वडशाहून चुलतभाऊ आला म्हणून सुटलो. भाऊचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याला दारूशी देणंघेणं नाही, पण स्टील दिसलं की डोळे चमकतात. फोटो बघून त्याचा पहिला प्रश्न: "कोणतं मटेरियल?"

304 नंबरचं स्टेनलेस स्टील. बारच्या काउंटरखाली नळाला जोडलेलं पिंप असतं ना, तेच हे. तिकडचा पूर्ण आकाराचा केग साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे साधारण 59 लिटरचा, आणि रिकामा असला तरी 13-14 किलो भरतो. एक गोष्ट तिकडे बऱ्याच जणांना कळत नाही: दुकानात अनामत भरून आणलेला केग आपला होत नसतो. मालकी बिअर कंपनीचीच राहते, तो कापणं म्हणजे दुसऱ्याचं भांडं कापणं. मी कंपनीनं मोडीत काढलेला घेतला, पावतीसकट.

खरं काम तोंडाशी असतं. केगच्या तोंडात वरून तळापर्यंत एक नळी उभी असते, तिला म्हणतात स्पिअर, म्हणजे भाला. नाव उगाच दिलेलं नाही. केग रिकामा वाटला तरी आत कार्बन डायऑक्साइड दाबून बसलेला असतो. तो न सोडता वरची रिंग काढली, तर तो भाला बंदुकीच्या गोळीसारखा वर येतो. डोकं मध्ये असेल तर संपलंच. म्हणून आधी तोंडावर जाड फडकं टाकायचं आणि पेचकसानं मधली झडप खाली दाबून धरायची. मी दाबली. फुस्सऽ करून फडक्याखालून शिळ्या बिअरचा फेस उडाला तो थेट स्वेटरवर. आवाज पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरलं, थोडं थांबून पुन्हा दाबून पाहिलं. मग ती रिंग. खाचेत बसलेली चपटी गुंडाळी असते, सर्क्लिपची चुलत बहीण समजा. तिचं टोक पातळ पेचकसानं उचकवायचं आणि पक्कडीनं ओढत गोल गोल सोडवायचं. जानेवारीतलं गॅरेज, बोटं बधिर, टोक तीनदा निसटलं. चौथ्यांदा सुटलं. भाला थोडा फिरवला आणि अलगद वर आला.

"मंग वरून कापला ना? कटर मारला की हात जाते आत," भाऊ म्हणाला.

नाही कापला. तोंड दोनच इंचांचं आहे, हात जात नाही, हे खरं. पण त्या गळ्यावर दोन इंची ट्राय-क्लॅम्प जशीच्या तशी बसते. मी फोटो पुढे सरकवला आणि भाऊ हसायलाच लागला. "अबे, ही तर डेअरीची टीसी!" टीसी म्हणजे ट्राय-क्लॅम्पच, दुधाच्या टाक्यांची कामं त्यानं केलीत. मधे रबरी गॅस्केट, वर झाकण, भोवती क्लॅम्प, एक नट आवळला की काम झालं. झाकण मी तयारच घेतलं. त्यात दोन नळ्या आहेत: एक वायू बाहेर जाण्यासाठी, दुसरी खालून बंद, आत बिअरमध्ये बुडलेली. या दुसरीत तापमापी सोडायची. हवी कशाला? यीस्ट कामाला लागलं की पिंप स्वतःच तापतं. तळघर 17 अंशांवर असलं तरी आत 20-21 सहज होतं, आणि फार चढलं की चव बिघडते.

वेल्डिंग टाळलं हे भाऊला एकदम पटलं. आर्गन वेल्डिंग करायचं तर आतूनही आर्गन वायू भरावा लागतो. नाही भरला तर आतला टाका काळा, खडबडीत होतो आणि त्या फटींत जंतू घर करतात. लोखंड घासलेली डिस्क स्टीलला लावली तर पुढे गंज चढतो, हे त्यानंच मला सांगितलं. कापलेला केग उकळायला झकास, आंबवायला मात्र तो बंद राहिलेलाच बरा, असं माझं मत. याची किंमत धुताना मोजावी लागते. सोडियम परकार्बोनेटचं गरम पाणी काठोकाठ भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी उलटं करायचं आणि टॉर्च मारून आत डोळा लावायचा. ब्लीच चुकूनही नाही. क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

माझी फजिती मात्र पहिल्याच खेपेला झाली. झाकण यायचं होतं, मला दम नव्हता. तोंडात रबरी बूच ठोकलं आणि त्यात बोटभर एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी बारकी नळी, खोचला. भरताना लोभ केला, 52 लिटर. दुसऱ्या रात्री फेस वर आला, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चोथा त्या बारक्या नळीत अडकला, आणि अडीच वाजता धाडकन आवाज! बूच तळघराच्या छताला लागून कपडे धुण्याच्या मशीनमागे गेलं होतं. छतावर तपकिरी फेसाचा नकाशा. बायको जिन्यातून एवढंच म्हणाली, "माझ्या आईला काही सांगू नको." तेव्हापासून अर्धा इंची नळी आणि भरती 45 लिटरच.

हे ऐकून आई, जी इतका वेळ आमच्याकडे पाठ करून फुलं चाळत होती, न वळताच बोलली, "सडवा कोणी गच्च बंद करते का? फडकं बांधतात तोंडाला. आमी कितीक मडके फोडले, सगळ्याले फडकंच होतं."

शेकडो लिटर सडवा मातीत ओतलेल्या बाईकडून मला आंबवण्याचा पहिला नियम कळला!

आता कायद्याचं, कारण तो तिनं लगेच विचारला. अमेरिकेतही 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठल्यावरसुद्धा घरगुती बिअर बेकायदाच राहिली होती. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा देशाच्या कायद्यानं मोकळीक मिळाली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर, आणि विकायची नाही. भट्टी लावून दारू काढायला परवाना तिथेही लागतो. महाराष्ट्रात घरची बिअरसुद्धा विनापरवाना चालत नाही, तेव्हा हे वाचून कोणी वडशात केग शोधत फिरू नका. भाऊ शोधणार, पण त्याला त्यात पाणी तापवायचंय.

आईनं कायदा ऐकून घेतला. "विकत नाही ना कोणाला?" एवढं दोनदा विचारलं. मग सुपातले काडीकचरे फेकत म्हणाली, "खाली गाळ उरत असन. त्याचं का करतेस?"

शेजारच्यांच्या बागेतल्या खड्ड्यात टाकतो, म्हटलं.

"कुत्रं आहे का त्यांच्याकडे?"

आहे. आणि हॉप्स कुत्र्याला विषासारखे असतात, अंगात भयंकर ताप चढतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आईला हॉप्स म्हणजे काय तेही ठाऊक नाही.

"वरून माती लोटत जाय," ती म्हणाली. "आमी नाल्यात ओतला होता तं पाटलाचा गोऱ्हा दोन दिवस उठला नव्हता."