मारबतीच्या गर्दीत पेंटॅक्स ११०

नागपूरच्या महाल भागातले आमचे काका लग्नाचे फोटो काढायचे. गळ्यात यशिका मॅट हा मोठा कॅमेरा, त्यात १२० चा रुंद फिल्मचा रोल. पुतण्याने दुबईहून पेंटॅक्स ऑटो ११० हा चिमुकला कॅमेरा आणला तेव्हा शेजारी म्हणाले, "काऊन हो, पोट्ट्याहिचं खेळणं घेऊन फिरता काय आता?" काका हसले आणि कॅमेरा सदऱ्याच्या खिशात टाकला. यशिकाला ते कधी जमलं नसतं.

११० ची फिल्म कोडॅकने १९७२ मध्ये आणली ती हौशी लोकांसाठी. फिल्मची बंद डबी, म्हणजे कार्ट्रिज, टाकायचं, झाकण लावायचं. फिल्मचं टोक अडकवणं नाही, शेवटी उलटं गुंडाळणं नाही. १९७८ मध्ये पेंटॅक्सने याच फिल्मसाठी चक्क एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा, काढला. लेन्स बदलता येणारा! पण त्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड किती आत घ्यायचा ते ठरवणारी, रिंगच नाही. अ‍ॅपर्चर आणि शटरचं काम बॉडीतल्या त्याच पात्या करायच्या, एक्सपोजर कॅमेराच ठरवायचा. एरवी उजेड मोजायचं मीटर हातात घेऊन बसणाऱ्या काकांना हेच आवडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याचं खरं काम दिसलं ते मारबतीच्या दिवशी, म्हणजे नागपुरात मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी. यशिका पाहिला की लोक थांबायचे, केस सारखे करायचे. मुठीतल्या पेंटॅक्सकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. "घेऊन जा गे मारबत" असं ओरडणारे उघडे जबडे, बडग्याखाली वाकलेले खांदे, सगळं हातभर अंतरावरून. लग्नाच्या अल्बमातला एकही चेहरा इतका मोकळा नाही.

भोगायचं ते फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत. निगेटिव्ह १३ बाय १७ मिलिमीटरचं, म्हणजे नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या निगेटिव्हच्या जेमतेम चौथाई. निगेटिव्ह मोठं करून कागदावर उतरवणाऱ्या एनलार्जरला तेवढी चौकट नव्हती, म्हणून काकांनी काळ्या पुठ्ठ्यात ब्लेडने खिडकी कापली. कडेचे पुठ्ठ्याचे तंतू प्रिंटमध्ये केसांसारखे उमटायचे, मग ते मेणबत्तीवर जाळायचे. व्हेरिक्रोम पॅन ही कृष्णधवल फिल्म धुवायला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांचा हवा. नळाचं पाणी कोमट, म्हणून बाटली बर्फाच्या पातेल्यात. पाणी गरम राहिलं की फोटोत रवाळ दाणे सुटायचे, आणि एवढ्याशा निगेटिव्हला ते परवडणारं नव्हतं.

पोस्टकार्डापर्यंत प्रिंट छान यायच्या. कुणी दहा बाय बाराची मागितली की काका सरळ सांगायचे, "त्यात रवा दिसंल, मारबत नाही."