लासलगावचा कांदा, पेट्रापोलचं गेट आणि न्हावा शेवाचा वळसा

कोलकात्याला गेलं की लोक दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया करतात, रसगुल्ल्याचे डबे बांधून घेतात आणि परत येतात. मला पेट्रापोल, म्हणजे बांगलादेशच्या बॉर्डरवरचं फाटक, बघायचं होतं. घरी विचारलं तिथं काय आहे, म्हटलं ट्रक आहेत. पुढं कुणी काही विचारलं नाही.

कारण सांगतो. माझे मेहुणे लासलगावला कांद्याचे व्यापारी. आपल्याला वाटतं एक्स्पोर्टचा कांदा म्हणजे दुबईला वगैरे जात असेल, पण बहुतेक वर्षी आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश असतं आणि तो माल मुख्यतः पश्चिम बंगालच्या बॉर्डरवरून ट्रकनं जातो. त्यामुळं मेहुण्यांची सकाळ लिलावाच्या आधी एका फोननं सुरू होते, बॉर्डर चालू आहे का, आयपी सुटली का. आयपी म्हणजे इम्पोर्ट परमिट, ते तिकडचं कृषी खातं देतं, त्यांचा स्वतःचा कांदा शेतातून निघाला की परमिट बंद आणि ढाक्यात भाव चढला की परमिट चालू. लासलगावच्या क्विंटलचा भाव जवळपास दोन हजार किलोमीटर लांबच्या कुणाच्या तरी सहीवर हलतो हे मला कायम चमत्कारिक वाटत आलंय, म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात कोलकात्याला काम निघालं तेव्हा ठरवलं की ती बॉर्डर एकदा डोळ्यानं बघायचीच.

सियालदहवरून बनगाव लोकल पकडायची, दोनेक तास लागतात. ही लोकल म्हणजे आपल्या विरार लोकलची सख्खी बहीण, तेच दारात लटकणं, तेच चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवणं, फक्त इथं डब्यात झालमुडीवाला, लेबू चहावाला, सेफ्टीपिनांची पाकिटं विकणारा असे एकामागून एक येतच राहतात. बारासात गेलं की शहर सुटतं. मग हाबरा, गोबरडांगा, आणि ठाकूरनगरला फुलांच्या टोपल्याच टोपल्या, झेंडूच्या माळा प्लॅटफॉर्मवर ढिगानं पडलेल्या, पूजा जवळ आलेली ना. बनगावला उतरून टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, आणि तो टोटो थेट जेसोर रोडला लागतो.

हा रस्ता बघण्यासारखा आहे. दोन्ही बाजूला शिरीषाची अवाढव्य जुनी झाडं, फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यांच्या खालून चौदा चाकी ट्रक जातात. रेल्वे ओव्हरब्रिजसाठी साडेतीनशेच्या वर झाडं तोडायची परवानगी सुप्रीम कोर्टानं २०२३ ला दिलीय, त्यामुळं ज्यांना बघायचंय त्यांनी फार उशीर करू नये. १९७१ मध्ये याच रस्त्यानं लाखो निर्वासित आले. आणि १९४७ च्या आधी तर प्रश्नच नव्हता, बनगाव हे जेसोर जिल्ह्यातलंच गाव, फाळणीत रॅडक्लिफनं रेघ मारली आणि जिल्हा पलीकडं गेला, हा तुकडा अलीकडं राहिला.

पेट्रापोल गाव असं काही नाहीच म्हणा. मनी एक्स्चेंजच्या टपऱ्या, बसचे काउंटर, भाताची हॉटेलं आणि ट्रक. भारत-बांगलादेशचा जमिनीवरून होणारा साधारण ७० टक्के व्यापार या एका फाटकातून जातो, म्हणून मला वाटलं होतं की न्हावा शेवासारखं काहीतरी अवाढव्य असेल. इंटिग्रेटेड चेकपोस्ट आहे मोठी, २०१६ ला सुरू झाली, गोदामं, वजनकाटे, पार्किंग सगळं आहे. मैत्री द्वार नावाचं मालवाहू गाड्यांचं वेगळं फाटक ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलं, तेही झिरो लाइनवर, म्हणजे अगदी सीमारेषेवर. पण खरा धंदा बाहेर, क्लिअरिंग एजंटांच्या दहा बाय दहाच्या ऑफिसांत चालतो.

मेहुण्यांच्या ओळखीनं अशाच एका दादांकडं जाऊन बसलो. टेबलावर शिक्के, कार्बन लागलेली बिलं, तीन मोबाइल, भिंतीवर कालीमातेचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी बांगलादेशच्या सरकारी सुट्ट्यांची यादी चिकटवलेली. ही यादी फार महत्त्वाची बरं का. पलीकडं शुक्रवारी सुट्टी, इकडं रविवारी, तिकडं ईद, इकडं दुर्गापूजा, म्हणजे दोन्ही बाजू एकाच दिवशी नीट जागेवर आहेत असे दिवस कॅलेंडरवर वाटतात त्यापेक्षा बरेच कमी निघतात. पूजेत चार-पाच दिवस सलग बंद. त्यामुळं बंदच्या आधी ज्याला त्याला आपली गाडी आत घालायची असते.

ट्रक जातो कसा ते दादांनी समजावलं. पलीकडच्या आयातदारानं बँकेत एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडायची, इकडं शिपिंग बिल, कस्टमची तपासणी, वजन, ड्रायव्हरला कार पास, मग ट्रक फाटकातून पलीकडच्या बेनापोलला जातो आणि तिथं यार्डात रिकामा होतो. पुढचा प्रवास बांगलादेशी ट्रकमध्ये. आपला ट्रक ढाक्यापर्यंत जात नाही, ड्रायव्हरनं बेनापोलच्या पुढचं काही बघितलेलंच नसतं. आणि लांबून आलेला बराच माल बनगावातच लोकल गाड्यांत भरतात, कारण आत किती दिवस जातील याचा भरवसा नाही, पंजाब-महाराष्ट्राचा ट्रक तिथं अडकला तर मालक बोंब मारतो. पूर्वी म्हणे महिना-महिना गाड्या पार्किंगमध्ये सडायच्या, दिवसाचं पार्किंग भाडं वेगळं, आणि मध्ये नंबर पुढं सरकवून देणारे वेगळे. २०२२ पासून राज्य सरकारनं सुविधा नावाची ऑनलाइन स्लॉट सिस्टीम आणली, तेव्हापासून रांग मोबाइलमध्ये गेलीय. दादा म्हणाले, "आता रांग दिसत नाही, पण एलसी थांबली की माल थांबतोच." तिकडं डॉलरची टंचाई झाली तेव्हा हेच झालं होतं.

मी कांदा कुठाय विचारलं तर ते हसले. कांदा जास्त करून घोजाडांगा, महदीपूर आणि हिली या दुसऱ्या फाटकांकडून जातो, पेट्रापोलला त्या मानानं कमी. मला एकही गोण दिसली नाही. पण कांद्याच्या गोष्टी मात्र सगळ्यांकडं आहेत. २०१९ च्या सप्टेंबरात आपण निर्यात एका दिवसात बंद केली, ढाक्यात किलोचा भाव पुढं २०० टाकांच्या (तिकडचं चलन) वर गेला आणि तिकडच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन भर सभेत म्हणाल्या की मी माझ्या आचाऱ्याला कांदा घालायचा नाही असं सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवा. पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी, पुन्हा न कळवता. ट्रक बॉर्डरवर उभे. एका एजंटाचा हेल्पर सांगत होता की पावसात ताडपत्री काढावी तर भिजतोय, झाकावी तर आत उबतोय, चौथ्या-पाचव्या दिवशी लाल जाळीच्या गोण्यांतून काळं पाणी ठिबकायला लागलं आणि त्या वासानं शेजारच्या हॉटेलवाल्यानं दोन दिवस चूल पेटवली नाही. मग २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, डिसेंबरात बंदी, २०२४ च्या मे महिन्यात उठवली पण वर किमान ५५० डॉलर टनाची अट, सप्टेंबरात ती अट गेली आणि ड्युटी २० टक्के, आणि एप्रिल २०२५ ला तीही शून्य. इकडं आपण ड्युटी शून्यावर आणेपर्यंत तिकडच्यांनी ठरवलं की दरवेळी भारताच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा आपलाच कांदा वाढवू. आयपी आखडती घेण्यामागं हेच होतं. बंदी घालताना शहरातल्या गिऱ्हाइकाचा विचार होतो, बाहेरच्या गिऱ्हाइकाचा होत नाही, आणि गेलेलं गिऱ्हाईक ड्युटी माफ केली म्हणून आपोआप परत येत नाही, हे मेहुणे चार वर्षं बोलतायत, मला ते तिथं बसल्यावर पटलं.

आता पेट्रापोलला मला दिसलं काय ते सांगतो. सगळ्यात भारी म्हणजे चेसिस. ट्रकचा नुसता सांगाडा, इंजिन, चाकं, स्टेअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला लाकडी खोकं. केबिन नाही, काच नाही, दार नाही. बॉडी तिकडं बांधतात म्हणून असेच रस्त्यानं चालवत आणतात. एक जण जमशेदपूरहून आलेला, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट, अंगात रेनकोट, कमरेला दोरी बांधून ती मागच्या लोखंडाला, का तर झोप लागली तर पडू नये म्हणून. चहा पिताना त्याचे हात थरथरत होते, थंडीनं नाही, स्टेअरिंगच्या धक्क्यांनी. म्हटलं पाऊस आला की काय करता, म्हणाला, "भिजतो की."

बाकी कापूस, कापडाचे तागे, केमिकलचे ड्रम, मशिनरी. व्यापाराचा तोल आपल्या बाजूला फार झुकलेला आहे, २०२३-२४ मध्ये आपण साधारण ११ अब्ज डॉलरचा माल तिकडं पाठवला आणि तिकडून जेमतेम दोन अब्जांच्या आसपास आणला. तरी बेनापोलकडून येणाऱ्या गाड्या पूर्वी बऱ्यापैकी असायच्या, रेडिमेड कपडे, ज्यूट, सुपारी. मी गेलो तेव्हा तो भाग ओस.

ही सगळी २०२५ ची भानगड. एप्रिलमध्ये आपण बांगलादेशची ट्रान्सशिपमेंटची सोय काढून घेतली, म्हणजे त्यांचा माल आपल्या विमानतळांवरून-बंदरांवरून तिसऱ्या देशांत जायचा तो बंद. त्याच महिन्यात त्यांनी भारतीय सूत जमिनीवरून घ्यायचं थांबवलं, त्यांच्या सूतगिरण्यांची तक्रार होती की स्वस्त सुतानं आम्ही मेलो. आपल्या सुताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच, तेव्हा त्या गाठी आता समुद्रानं चट्टग्राम बंदराला. मग १७ मे ला आपण सांगितलं की तुमचे रेडिमेड कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरातून येतील. आणि जूनच्या शेवटी ज्यूटवर घाला, बराच ज्यूटचा माल जमिनीवरून बंद, फक्त न्हावा शेवा!

नकाशा काढून बघा. खुलना भागातला ताग. तिथून बेनापोल काही तासांच्या रस्त्यावर, बेनापोलवरून हुगळीकाठच्या ज्यूट मिल्स अजून दोन-तीन तास. आता तोच माल चट्टग्रामला जाणार, बऱ्याचदा कोलंबोला दुसऱ्या जहाजावर चढणार, सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून उरणला उतरणार आणि तिथून, गिऱ्हाईक बंगालमध्ये असेल तर, अख्खा देश ओलांडून परत कोलकात्याला. मी उरणच्या बाजूनं शेकडो वेळा गेलोय, तिथल्या कंटेनरांच्या रांगेत खुलन्याचा ताग अडकलेला असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अर्थात हे असं करतो कोण, परवडतच नाही, म्हणजे बंदी न म्हणता केलेली बंदी. इकडच्या मिलवाल्यांचंही म्हणणं आहे की तिकडून सबसिडीचा माल येऊन आमचं कंबरडं मोडतं, त्यात तथ्य आहे, अँटी-डम्पिंग ड्युटी, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या मालावरचा जादा कर, कित्येक वर्षं आहेच. पण फटका बसला तो पेट्रापोलच्या हमालाला, लोकल ट्रकवाल्याला आणि शिक्के मारणाऱ्या पोऱ्याला.

दादांना यात नवीन काही वाटत नव्हतं. फाळणीत तागाची बहुतेक शेतं पूर्व बंगालात गेली आणि मिल्स सगळ्या इकडं राहिल्या. १९४९ ला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही, आणि तागाच्या भावावरून दोन देशांचा व्यापारच ठप्प झाला. १९६५ च्या युद्धात रेल्वे बंद पडली ती कोलकाता-खुलना प्रवासी गाडी २०१७ ला परत सुरू झाली आणि २०२४ च्या जुलैपासून पुन्हा बंद. "आमच्या वडिलांनी पण दुकान दोनदा बंद करून उघडलंय," म्हणाले.

दुपारनंतर एकदम धावपळ. हिलसा येतेय! बांगलादेशनं पूजेसाठी १२०० टन हिलसा मासा सोडायचं ठरवलं होतं, किमान साडेबारा डॉलर किलोनं. २०१२ पासून त्यांच्याकडं हिलशाच्या निर्यातीवर बंदी आहे, पूजेपुरती सूट देतात आणि ती सूट म्हणजे दिल्ली-ढाका संबंधांचा थर्मामीटर समजला जातो. बर्फानं भरलेले थर्माकोलचे खोके, ट्रकखालून पाण्याची धार, आणि तीन मांजरं मागोमाग. कपडे येऊ शकत नाहीत, ताग येऊ शकत नाही, पण मासा येतो, आणि त्यासाठी कस्टमपासून हमालापर्यंत सगळे पळत होते कारण बर्फ कुणाच्या नोटिफिकेशनला थांबत नाही. मी शाकाहारी, त्यामुळं मला त्या उत्साहात सहभागी होता आलं नाही. दादांनी मात्र ऑफिस पोऱ्यावर सोडलं आणि दोन किलोची सोय होते का बघायला गेले.

फाटकापर्यंत गेलो, पलीकडं बेनापोलची पाटी दिसते. ऑगस्ट २०२४ नंतर व्हिसा फार कमी झाले होते त्यामुळं प्रवाशांची गर्दी नव्हती, मनी एक्स्चेंजवाले टपरीत बसून लुडो खेळत होते. फोटो काढू नका, बीएसएफवाले लगेच हटकतात, आणि जेवायचं असेल तर बाराच्या आत जेवा, नंतर फक्त भात उरतो.

परतीच्या लोकलमधून मेहुण्यांना फोन लावला, चेसिस, हिलसा, न्हावा शेवा सगळं उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं राहू द्या हो दाजी, आयपीचं काय म्हणाले?" काहीच म्हणाले नाहीत म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला. पुढच्या वेळी महदीपूरला जा म्हणाले, मालद्याहून जवळ आहे, कांद्याच्या गाड्या तिथं दिसतील, आणि जाताना सोमवार-मंगळवार बघून जा.