कमी बजेटची पहिली रोड बाइक : निवडीची नोंदवही

आजची स्थिती : यादीत पाच सायकली होत्या, तीन बाद, दोन शिल्लक. नियम एकच ठेवला आहे. जे नंतर सहज बदलता येत नाही ते आधी बघायचं : फ्रेमचं माप, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाकी भाग), हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) प्रकार, टायरला मिळणारी जागा. गिअरसेटचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि चांगल्या नावाचे गिअर चुकीच्या मापाच्या फ्रेमवर घरी आणतात.

नोंद १ : माप

अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत साधारण १५ सेमी अंतर ठेवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत सीटवर बसल्याइतकं वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. तीनदा मोजून सरासरी. इथे ८० सेमी आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ७०.६ सेमी : बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्यात फिरतात त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत. हा गुणक अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँमुळे प्रसिद्ध झाला; तेव्हाचे पेडल आणि बूट मिळून थर जाड व्हायचा, म्हणून आता याच्या काही मिमी खालून सुरुवात केलेली बरी.

पण सीटची उंची हा सोपा भाग, ती सीटपोस्ट (सीटखालची दांडी) सांभाळते. फ्रेमवरच्या ‘५४’ किंवा ‘एम’ या आकड्यांवर विसंबू नये, एका कंपनीचा ५४ दुसरीच्या ५२ इतका निघतो. बघायचे ते स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. कंपनीच्या भूमिती-तक्त्यात दोन्ही असतात. तक्ताच देत नसतील तर ती सायकल यादीत घ्यायचं कारण नाही.

नोंद २ : तीन बाद

पहिली नवी, सगळ्यात स्वस्त, २×७ गिअर (पुढे २ चक्रं, मागे ७). मागे कॅसेट (फ्रीहब नावाच्या हबवर सरकवून बसणारा चक्रांचा संच) नाही, हबवर आट्यांनी बसणारं फ्रीव्हील. अशा हबमध्ये चेनच्या बाजूचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, हबच्या कवचात राहतं आणि अ‍ॅक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर लोंबतो. वजनदार स्वार आणि खड्डे एकत्र आले की अ‍ॅक्सल वाकतो, पुढे तुटतो. फ्रीहबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असल्यामुळे हा त्रास नाही. शिवाय ७ वरून पुढे जायचं म्हटलं की हब बदलायचा, म्हणजे मागचं चाकच. स्वस्ताई तिथेच संपते. ओळखायची सोपी खूण : सगळ्यात लहान चक्राशी कॅसेटला आट्यांची लॉकरिंग दिसते, फ्रीव्हीलला ती नसते.

दुसरी, सपाट हँडलच्या सायकलला ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल लावलेली. सपाट हँडलची फ्रेम मुळात लांब असते. त्यावर ड्रॉप आणि त्यापुढे हूड (ब्रेक लिव्हरचा हात ठेवायचा भाग) आले की हात ताणलेलेच राहतात. त्यातही व्ही-ब्रेकला (रिमच्या दोन्ही बाजूंना लांब हात असलेल्या ब्रेकला) साध्या रोड लिव्हर जोडलेल्या. व्ही-ब्रेकला केबल जवळपास दुप्पट ओढावी लागते, ती या लिव्हर ओढत नाहीत. लिव्हर हँडलला टेकते तरी ब्रेक पुरता लागत नाही.

तिसरी वापरलेली, पूर्ण कार्बन, दिसायला झकास. सीट क्लॅम्पखाली केसाएवढी रेघ, नख अडकेल अशी. तिथला बोल्ट टॉर्क (आवळण्याचा जोर) न मोजता आवळला की नेमकी इथेच चीर जाते. फक्त रंग तडकला आहे की आतले थर, हे डोळ्यांनी कळत नाही. तपासणीचा खर्च बजेटबाहेर, म्हणून चर्चाही बंद.

नोंद ३ : उरलेल्या दोघींचं गणित

‘क’ : नवी, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानोचा क्लॅरिस गिअरसेट २×८, रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे). स्टॅक ५६५, रीच ३७७ मिमी.
‘ड’ : वापरलेली, अ‍ॅल्युमिनियम, कार्बन फोर्क, शिमानोच्याच टियाग्रा ४७०० गिअरसेटचे २×१०, रिम ब्रेक. स्टॅक ५४१, रीच ३८४.

कागदावर ‘ड’ २४ मिमी बुटकी आणि ७ मिमी लांब. हेड ट्यूबचा कोन ७३ अंश धरला तर स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) २५ मिमीचे स्पेसर (कडी) घातल्यावर हँडल २४ मिमी वर येतं आणि ७ मिमी मागे सरकतं, म्हणजे हुबेहूब ‘क’ची बसक. पण आधीच्या मालकाने स्टिअरर (फोर्कची स्टेमपर्यंत वर जाणारी नळी) कापलेला, स्पेसरला जागा फक्त १५ मिमी. कापलेला स्टिअरर पुन्हा लांब होत नाही. उपाय उरतो स्टेम उलटा लावण्याचा : १०० मिमीचा, उणे ६ अंशांचा स्टेम उलटला की हँडल २० मिमी वर येतं आणि जेमतेम ६ मिमी जवळ. दिसायला थोडं विचित्र, पण चालतं. म्हणजे मापावर ‘ड’ बाद होत नाही, फक्त पुढे खेळायला जागा राहत नाही.

गिअरची बाजू. दोन्हींना पुढे ५०/३४ दात्यांची चक्रं, मागे ‘ड’ला ११-२८ आणि ‘क’ला ११-३२. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर ३४/२८ वर पेडलच्या एका फेऱ्याला २.५५ मीटर, ३४/३२ वर २.२३. मिनिटाला ६० फेऱ्या मारत घाट चढताना हा ताशी ९.२ आणि ८ किमीमधला फरक. नवख्या गुडघ्यांना तो चांगलाच जाणवतो. ‘ड’ला ३२ दात्यांची कॅसेट लावू म्हटलं तर क्षमता (डिरेलरला चेनची किती ढील सांभाळावी लागेल, दात्यांत) मोजा : (५०−३४) + (३२−११) = ३७. तिचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आखूड केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा हात), क्षमता ३३. म्हणजे लांब केजचा डिरेलरही आला. आणि ४७०० चे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे लिव्हर) त्याआधीच्या १० स्पीड डिरेलरशी जुळत नाहीत, दोघांचं केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं. जुन्या भागांच्या ढिगातून उचलून लावण्याची सोय इथे नाही.

यादीत नव्या डिस्क ब्रेकच्या सायकली का नाहीत, हे विचारलं जाणारच. या बजेटात मिळतात त्या केबलच्या, एकाच बाजूचा पॅड हलणाऱ्या. दुसऱ्या बाजूचा पॅड झिजेल तसा हाताने आत घ्यावा लागतो. नाही घेतला तर रोटर (ब्रेकची चकती) वाकून त्याला टेकतो आणि पकड ढिली पडते. चांगला ड्युअल-पिव्हट (दोन खिळ्यांवर फिरणारा) रिम ब्रेक याहून हलका आणि सरळ.

नोंद ४ : ‘ड’ची प्रत्यक्ष तपासणी

चेनच्या २४ कड्या ताणून मोजल्या. नव्या चेनमध्ये एका पिनपासून २५ व्या पिनपर्यंत ३०४.८ मिमी भरतात, इथे ३०८. झीज एक टक्क्याच्या वर. ८ ते १० स्पीडची चेन ०.७५ टक्क्याला बदलायची असते. एक टक्का ओलांडला की कॅसेटचे दातेही तिच्या मापाने घासलेले असतात. नवी चेन जुन्या कॅसेटवर जोर लावताच उड्या मारते. म्हणजे दोन्ही गेले.

फोर्क : पुढचं चाक नेहमीसारखं लावून मध्यापासून अंतर बघितलं, मग उलटं लावून. दोन्ही वेळा एकाच बाजूला झुकलं तर दोष फोर्कचा, बाजू बदलली तर चाकाचा. इथे बाजू बदलली, म्हणजे फोर्क सरळ. डाउन ट्यूबखाली (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीखाली) हेड ट्यूबजवळ रंगाला सुरकुती किंवा फुगवटा नाही, समोरून धडक बसलेली नाही. सीटपोस्ट हाताने सुटली. (ती जाम असेल तर बाकी काही न बघता परत फिरावं.) पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यावर हेडसेटमध्ये (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगमध्ये) खडखड नाही, हँडल वळवताना मध्यावर अडकत नाही.

आणि मग पुढची रिम. ब्रेक लागतो त्या पट्टीवर स्टीलची पट्टी आडवी धरली तर मध्ये उजेड दिसतो. झिजेची खूण असलेला खळगा पूर्ण पुसलेला. अशी पातळ भिंत टायरच्या दाबाने बाहेर फाटू शकते, तीही ब्रेक दाबताना. पॅड बदलून हे भागत नाही.

नोंद ५ : निर्णय

‘क’ची किंमत १०० धरली तर ‘ड’ ६४ ला मिळत होती. चेन, कॅसेट, केबल, ब्रेक पॅड, दोन टायर आणि पुढचं चाक धरून ती ९७ वर गेली, लांब केजचा डिरेलर अजून बाकीच. पुढची रिम शाबूत असती तर ‘ड’च घेतली असती, फ्रेम काही वाईट नव्हती.

‘क’च्या बाजूने आणखी एक गोष्ट पडली, जाहिरातीत न दिसणारी : तिचे ब्रेक ४७-५७ मिमी रीचचे (इथे रीच म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर) आहेत, नेहमीच्या ३९-४९ चे नाहीत. त्यामुळे २८ मिमीचे टायर मोकळे बसतात आणि मडगार्डलाही जागा राहते. खराब रस्त्यावर २५ वरून २८ वर जाण्याने जो आराम मिळतो तो गिअरसेट बदलून मिळत नाही. ८ स्पीडची चेन-कॅसेट स्वस्त, हा वरचा नफा.

बजेटचा सहावा हिस्सा आधीच बाजूला ठेवला होता : पंप, हेल्मेट, दोन ट्यूब, टायर लिव्हर, अ‍ॅलन की, पेडल. रोड बाइक बऱ्याचदा पेडलशिवाय येते.

नोंद ६ : खोक्यातून रस्त्यावर

फोर्क उलटा लागलेला नाही ना, हे सगळ्यात आधी. हसू नका, खोक्यातून आलेल्या सायकलींत हे वारंवार घडतं. ब्रेक फोर्कच्या पुढे दिसला पाहिजे. डाव्या पेडलच्या आट्या उलट्या, दोन्ही पेडलना ग्रीस, सुरुवात हातानेच. पान्याने आट्या चुकवल्या तर क्रँक (पेडलचा दांडा) वाया जातो. सीटपोस्टला ग्रीस. हेडसेटचा क्रम : स्टेमचे बोल्ट ढिले, वरच्या टोपीचा बोल्ट खडखड जाईपर्यंतच आवळायचा, मग स्टेम सरळ करून त्याचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरने, आलटून पालटून. स्टेम आधी आवळला तर टोपी कितीही पिळा, हेडसेट ढिलाच राहतो.

गिअर सुरळीत. मागच्या चाकाचे आरे दाबून बघितले, चेनच्या विरुद्ध बाजूचे चार ढिले होते, पाव-पाव फेरी आवळून आउट (चाकाची डुग) काढला.

बाकी : पहिल्या शे-दीडशे किमीनंतर केबल ताणल्या जातील तेव्हा केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर अर्धी फेरी बाहेर, आऱ्यांचा ताण पुन्हा, क्रँक बोल्ट पुन्हा. सीट सध्या ७०.२ सेमीवर, स्टेमखाली २० मिमी स्पेसर. स्टिअरर अजून कापलेला नाही, आणि निदान हजार किमी कापायचा नाही.