तुम्ही विचारलंत म्हणून: माकडांची की माणसांची?

"तू नक्की कोणाच्या बाजूची? माकडांच्या की माणसांच्या?"

लग्नात, एसटीत, व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की हल्ली उत्तराआधी वैतागच येतो. घरीही सुटका नाही. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत माकडांनी कोवळे नारळ पाडून पाडून बाबांना जेरीस आणलंय. फोनवर म्हणतात, "माकडां वाचवूचो पगार मिळता तुका? मगे हंयसर ये. आमच्याकडे व्हयी तितकी आसत."

बाबा, ती माकडं वेगळी, हे सांगून मी थकले. मी फिरते ते सिंगळिकांच्या मागे. काळं कुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात धरण नको म्हणून चळवळ झाली, त्या वेळी ज्याचं नाव गाजलं, तोच हा. उत्तर कन्नडमधलं शिरसी-होन्नावरचं जंगल म्हणजे त्याच्या वस्तीचं उत्तरेकडचं टोक. त्यापलीकडे आपल्याकडे तो नाही. झाडावरून सहसा उतरत नाही, आणि मादीला पिल्लू होतं तेही दोन-तीन वर्षांतून एखादं. त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला पिढ्या जातात.

आता उप्पगेबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं तिथेच अडलंय. उप्पगे म्हणजे आपल्या कोकमाची चुलत बहीण. फळ पिवळं, भोपळ्यासारख्या खाचांचं. साल वाळवली की काळी पडते. केरळात ती माशाच्या कढीत घालतात. नव्वदच्या दशकात वजन उतरवायच्या गोळ्यांसाठी तिला परदेशातून मागणी आली आणि भाव चढला. फळ पिकतं ऐन पावसात, म्हणजे साल वाळवायची ती चुलीवर, लाकडं जाळून. आणि सिंगळीकही हेच फळ खातो.

मी पंचवीस-सव्वीसची असताना मला हे गणित फार सोपं वाटायचं. फळं कोणी नेली? माणसांनी. फांद्या कोणी तोडल्या? माणसांनी. झालं.

२०१३च्या जुलैत मी ज्या घरी जेवायचे, त्या घरच्या अक्का उप्पगे गोळा करायच्या. चुलीवरच्या माळ्यावर सालींचा थर, खाली धग, घरभर आंबूस धूर. माझ्या कपड्यांना तो वास महिनोन्महिने होता. सकाळी मी सिंगळिकांच्या टोळीमागे जायचे, झाडांवर क्रमांक घालायचे, फांद्या तोडलेल्या दिसल्या की जीपीएसवर खूण करायचे. दुपारी अक्कांकडे भात आणि आमसुलासारखं आंबट सार.

त्या खुणांचा मी नकाशा केला. शेजारी तक्ता जोडला: कुठल्या वस्तीजवळ किती झाडं ओरबाडलेली. 'स्थानिकांकडून अतिरेकी तोड' हे शब्द माझेच. एक प्रत एका कचेरीत गेली. पंधरा दिवसांनी गाडी आली आणि अक्कांच्या पडवीतून वाळलेल्या सालीची तीन पोती उचलून नेली. पाऊस कोसळत होता. एका पोत्याचं तोंड सुटलं, साली चिखलात सांडल्या. अक्का वाकून वेचू लागल्या, तर गाडीतल्या माणसाने "राहू दे" म्हटलं. मी पडवीच्या खांबाला टेकून उभी होते. नकाशा माझा आहे, हे बोलले नाही. तिथे कोणालाच ते माहीत नव्हतं.

दुपारी अक्कांनी पान वाढलं. मी जेवले. हो, जेवले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

दोन दिवसांनी सांगितलं. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांच्या कोकणी मिसळलेल्या कानडीत म्हणाल्या, "कच्ची का काढतो, ते लिहिलंस? पिकेपर्यंत थांबले तर पहाटे दुसरा काढून नेतो. झाड माझं कुठे आहे?"

नव्हतं लिहिलं. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. झाडावर कोणाचाच हक्क नसला की पहिला हात ज्याचा, फळ त्याचं; म्हणून कच्चं ओढा, फांदीसकट ओढा. हे कोकणात वाढलेल्या मुलीला कळायला हवं होतं.

यावर मला लगेच विचारतात, म्हणजे लोकांची चूक नाहीच? आहे. उप्पगेच्या लागोपाठ मोडलेल्या फांद्या मी आजही मोजते आणि मला राग येतो. गरिबी हे प्रत्येक फांदीचं उत्तर नाही. मोटारसायकलवरून येऊन पोती भरणारेही मी पाहिलेत. पण शरावतीच्या खोऱ्यात २०१९ साली सिंगळिकाच्या नावाने अभयारण्य होतं आणि तिथेच २००० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत (खालचं पाणी वर चढवून, पुन्हा सोडून वीज करायच्या) प्रकल्पाचा घाट घातला जातो, तेव्हा 'बाजू कोणाची' हे फक्त मला आणि अक्कांनाच का विचारतात?

अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात २०११ साली अभयारण्य न करता संवर्धन राखीव क्षेत्र केलं होतं, सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं. २०१९ साली तेही शरावतीच्या त्या अभयारण्यात गेलं. आपल्या तिलारीला २०२० साली मिळाला तोच दर्जा. लोकांचे हक्क ठेवून जंगल राखायचं, अशी कल्पना. मी तिची बाजू घेते. व्याख्यानात तर फारच ठामपणे घेते. घरी आल्यावर तितकी ठाम नसते, कारण कागदावर हक्क राहिले तरी पहाटेचा तो दुसरा माणूस काही थांबलेला नाही, आणि त्याला थांबवायची रीत प्रत्येक वस्तीत नव्याने बसवावी लागते. काही ठिकाणी बसते. काही ठिकाणी दोन पावसाळ्यांत मोडते.

गेल्या जुलैत जुन्याच टोळीमागे होते. नर एका उप्पगेवर चढला, दोन फांद्या चाचपल्या, उतरून पुढच्या झाडावर गेला. झाडाखाली ताजी कच्ची देठं आणि चिखलात चपलांचे ठसे. ठसे कुठल्या वाटेने गेलेत ते दिसत होतं. ती वाट मला पाठ आहे.

वहीत लिहिलं, 'फळं काढलेली.' पुढचा रकाना कोरा ठेवला. हे शास्त्राला धरून नाही, मला माहीत आहे.